बुद्धाच्या नावाचा बॉम्ब आणि नागासाकीची मुले

११ मे १९९८ रोजी बुद्धपौर्णिमा होती. त्याच दिवशी भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. महिनाअखेर पाकिस्ताननेही बलुचिस्तानात स्फोट केले. त्याआधी १९७४ च्या पहिल्या चाचणीला तर ‘स्मायलिंग बुद्धा’ हेच सांकेतिक नाव मिळाले होते. तथागतांचे नाव बॉम्बला जोडले गेले आणि बुद्धाला मानणाऱ्या आपल्या समाजातून त्यावर म्हणावा तसा आवाज उठला नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

आवाज उठला तो नागासाकीत. भारत-पाकिस्तानच्या चाचण्यांमुळे अस्वस्थ झालेल्या तिथल्या नागरिकांनी १९९८ मध्येच शाळकरी मुलांना शांतिदूत म्हणून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवले. २००१ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘दहा हजार सह्यां’ची मोहीम सुरू केली. पंधरा ते अठरा वर्षांची ही मुले रस्त्यावर उभी राहून अण्वस्त्रमुक्त जगासाठी सह्या गोळा करतात आणि त्या जिनिव्हाला नेऊन देतात. आजवर वीस लाखांहून अधिक सह्या पोहोचल्या आहेत. आपली ताकद थोडी असेल, पण आपण हतबल नाही, असे ही मुले म्हणतात. जिनिव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेत त्यांना काही वर्षे बोलायला मिळाले. २०१७ मध्ये ती संधी मिळाली नाही, तरी सह्या घेऊन मुले गेलीच.

या मुलांचे स्वतःचे सरकारही त्यांच्या बाजूने पूर्णपणे उभे नाही. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूने मत दिले आणि २०२१ मध्ये तो लागू झाला. जपानने त्यावर सही केलेली नाही, कारण तो अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या संरक्षणावर विसंबून आहे. भारत आणि पाकिस्तानही करारात नाहीत. म्हणजे ही मुले जगाला जे सांगतात, तेच त्यांना आपल्या राज्यकर्त्यांनाही सांगावे लागते. आम्हाला या चळवळीचे मोल इथे वाटते. शत्रूला शांततेचा उपदेश करणे सोपे असते, आपल्याच लोकांना थांबा म्हणणे कठीण.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण हेच दिले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी मिळून वाद सोडवावा, असे सुचवले. बहुमत विरोधात गेले, तरी तो मागे हटला नाही आणि परिव्राजक झाला.

हा प्रसंग आज जुना वाटत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ निरपराधांचे जीव घेतले. त्या क्रौर्याचा निषेध करताना आम्ही कुठेही कचरत नाही. पुढे सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला आणि मे महिन्यात दोन अण्वस्त्रधारी देशांत चार दिवस संघर्ष झाला. १२ मे रोजी, पुन्हा बुद्धपौर्णिमेलाच, पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केले आणि शांततेची वाट शक्तीतून जाते असे सांगितले. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या २०२५ च्या अंदाजाने भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे होती.

काही मित्र विचारतील, बाबासाहेब तरी कुठे सरसकट अहिंसावादी होते? बरोबर आहे. बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे, असे बाबासाहेबांनी लिहिले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. पण अणुबॉम्ब हा फरक पाळूच शकत नाही. १९४५ च्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मेली. त्यांत शाळकरी मुले होती, जपानने वेठबिगारीला आणलेले कोरियनही होते. त्या कोरियनांचे स्मारक हिरोशिमाच्या शांती उद्यानाबाहेर उभे होते. आत जागा मिळायला १९९९ साल उजाडले. मेल्यावरही वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. न्याय नसलेली शांतता अपुरी असते, ही भर आपण आंबेडकरी तरुण या चळवळीत घालू शकतो.

शिष्यवृत्ती, वसतिगृहे, अत्याचार हे आपले रोजचे लढे आहेत. ते सोडा, असे कोणी म्हणत नाही. पण शस्त्रांवर जाणारा पैसाही त्याच तिजोरीतून जातो. जपानशी आपले धम्माचे नाते तर जुने आहे. नागपुरात भदंत सुरेई ससाई, कामठीत ड्रॅगन पॅलेस, वरळीत जपानी बुद्ध मंदिर. हे नाते केवळ वंदनेपुरते का राहावे?

हिरोशिमा-नागासाकीला २०२५ मध्ये ८० वर्षे झाली. ६ आणि ९ ऑगस्टला प्रत्येक विहारात तासभर बसू या. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या साक्षी मराठीत आणून वाचू या. नागासाकीच्या आणि शक्य तिथे पाकिस्तानच्याही विद्यार्थ्यांना पत्रे लिहू या. भारताने अण्वस्त्रबंदी करारावर चर्चा तरी सुरू करावी, यासाठी महाविद्यालयांत सह्या घेऊ या आणि त्या आपापल्या खासदाराच्या हातात देऊ या. आपल्याला देशद्रोही म्हणणारेही भेटतील. शाक्यांच्या सभेत सिद्धार्थालाही विरोधच झाला होता.