नवऱ्याची चिठ्ठी आणली का?

शिबिरात थेरींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : बुद्धाने स्त्रियांना संघाचं दार उघडलं. खरं आहे. स्त्री-शूद्रांना संन्यासाचा अधिकार नाकारणाऱ्या समाजात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठणकावून सांगितलं आहे. पण मैत्रिणींनो, त्या दाराला एक कडी होती आणि ती नवऱ्याच्या हातात होती. तिच्याविषयी आपण बोलत नाही.

विनयपिटकात काय आहे? राहुलला दीक्षा दिली तेव्हा त्याचा आजोबा शुद्धोदन कळवळला. मुलगा गेला, नंद गेला, आता नातूही गेला. यापुढे आईबापांच्या संमतीशिवाय कोणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये, असं त्याने मागितलं आणि तसा नियम झाला. बापाच्या दुःखातून आलेला हा नियम आपण समजू शकतो.

भिक्षुणींच्या नियमांत मात्र परवानगी देणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते. दोन वर्षं उमेदवारी केलेल्या स्त्रीलाही आईबापांनी किंवा नवऱ्याने परवानगी दिलेली नसेल तर उपसंपदा द्यायची नाही. नवऱ्यासाठी पालीत शब्द आहे ‘सामिक’. म्हणजे स्वामी, मालक! उपसंपदेच्या वेळी पुरुषाला विचारायचं, आईबापांची परवानगी आहे का? स्त्रीला विचारायचं, आईबापांची आणि नवऱ्याची आहे का? पुरुषाला बायकोची परवानगी कोणीच विचारत नाही. बरं, नियम मोडून दीक्षा दिली तर? देणाऱ्या भिक्षूला ‘दुक्कट’, हा हलका दोष. देणाऱ्या भिक्षुणीला ‘पाचित्तिय’, त्याहून जड.

सुदिन्नाची गोष्ट पाहा. आईबाप नाही म्हणाले म्हणून त्याने अन्न सोडलं आणि परवानगी मिळवली. त्याला बायको होती. तिला कोणी विचारलं नाही. पुढे वंशाला वारस हवा झाला, तेव्हा आईने त्याच सुनेला भिक्षू झालेल्या मुलाकडे नेलं. तो घर सोडताना तिचं मत नको, पण वारसासाठी तिचं शरीर हवं!

आता बायका पाहू. धम्मदिन्नेला नवऱ्याने स्वतः वाट मोकळी करून दिली. पुढे तोच विशाख आपले प्रश्न घेऊन तिच्यासमोर बसला आणि तिने दिलेली उत्तरं बुद्धाने मान्य केली. धम्मा थेरीचा नवरा मात्र नाही म्हणाला. अट्ठकथा सांगते की तो मरेपर्यंत ती थांबली. थेरीगाथेत ती आपल्याला भेटते ती काठी टेकत भिक्षेला फिरणारी, थकलेली बाई म्हणून. तिची उमेदीची वर्षं कोणी खाल्ली?

‘त्या काळात दुसरं काय होणार? गृहस्थ रागावले असते तर संघाला भिक्षा कोणी घातली असती?’ असं उत्तर मिळतं. मान्य. म्हणजे संघ टिकावा म्हणून किंमत मोजावी लागली. पण ती मोजली कोणी? हे नियम बुद्धाचे की मागाहून आलेले, यावर पंडितांनी वाद घालावा. थांबावं लागलं ते बाईला.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १८९९ साली धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या ओढीने गोव्यातलं घर सोडून निघाले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. १९०२ साली ते श्रीलंकेत श्रामणेर झाले. बुद्ध मराठीत आणणाऱ्या या माणसाचं ऋण मोठंच आहे. पण तान्ही मुलगी नवऱ्याजवळ ठेवून बाळाबाई अशाच निघाल्या असत्या, तर आज आपण त्यांना काय म्हटलं असतं?

ही कडी अजून निघालेली नाही. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तरी दवाखान्यात ‘मिस्टरांची सही’ मागितली जातेच.

आणि आपण? एखादी मुलगी पूर्णवेळ कार्यकर्ती व्हायचं म्हणाली की आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘घरचे तयार आहेत ना? नवऱ्याला चालेल ना?’ पुरुष पूर्णवेळ झाला की आपण त्याच्या त्यागाचं कौतुक करतो. त्याचा संसार ओढणाऱ्या बाईला विचारायला आपल्यातलीही कोणी जात नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला नावं ठेवणं सोपं आहे, पण आपल्या संघटनेचं काय?

पुढच्या वेळी हा प्रश्न ओठांवर आला तर गिळून टाका. विचारायचाच असेल तर त्यालाही विचारा : बायकोची परवानगी आणली का?