विडीचा धूर कुठवर जातो?

विडीने छाती खराब होते हे आपल्या वस्तीत शेंबडे पोरही सांगेल. खोकला, दमा, फुफ्फुसाचा कर्करोग ही नावे आता सर्वांना पाठ आहेत. पण हाच धूर बाईच्या गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचतो असे सांगितले, की भगिनी एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावतात. ‘ओढायची तोंडाने, मग दुखणे तिथे कसे?’ असा प्रश्न महिला मंडळात एका मावशींनी आम्हाला केला. प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही पडलो कारकून, डॉक्टर नव्हे. तेव्हा जाणत्यांनी तपासून सिद्ध केले तेवढेच येथे मांडतो.

गर्भाशयाच्या मुखाला जो कर्करोग होतो, त्याचे मूळ एका विषाणूत आहे. एचपीव्ही हे त्याचे नाव. हे शोधून काढल्याबद्दल हेराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्रास आढळतो, की जन्मभर एका नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. म्हणून कोणी या आजारावरून बाईच्या वागणुकीबद्दल कुजबुजू लागला, तर त्याला तेथल्या तेथे गप्प करावे. बहुतेक स्त्रियांच्या अंगातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो, तेथल्या पेशी हळूहळू बिघडवतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कर्करोग होतो.

विडी-सिगारेट आड येते ती येथे. तंबाखूतले विष फुफ्फुसातून रक्तात उतरते आणि रक्त तर अंगभर फिरते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात निकोटीन सापडलेले आहे. त्या जागी रोगाशी झुंजणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या या विषाने दुबळ्या होतात. जो विषाणू एरवी निघून गेला असता, तो मग मुक्काम करतो. चोर आला तो विषाणू. पहारेकऱ्याला झोपवले ते विडीने. २००६ साली जगभरच्या २३ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. कधीच न ओढणाऱ्या शंभर जणींना हा आजार होत असेल, तर तेवढ्याच ओढणाऱ्यांत तो सुमारे एकशेसाठ जणींना होतो, असे त्यातून निघाले. आणि ज्यांनी ओढणे सोडले, त्यांचा आकडा एकशेबाराच्या आसपास उतरला. खतावणीत इतकी मोठी वजावट आम्हाला क्वचितच पाहायला मिळते!

आता कोणी म्हणेल, आमच्या बायका कुठे विडी ओढतात? खरे आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शंभर स्त्रियांत दोघीच धूम्रपान करणाऱ्या निघाल्या. पण त्या दोघी बहुधा कष्टकऱ्यांच्या घरातल्याच असतात. भूक मारायला, थंडीत कामावर उभे राहायला, सकाळी पोट साफ व्हायला म्हणून विडी हाती येते आणि सुटत नाही. दुसरीकडे कचेरीखालच्या टपरीवर नव्या नोकरदार मुली सिगारेट घेताना दिसतात. त्यांच्याकडे डोळे वटारणारा पुरुष स्वतः हातात तीच घेऊन उभा असतो, हे आम्हाला मोठे गमतीचे वाटते.

मिश्रीचे काय, असेही विचारतील. गर्भाशयमुखाबाबत धुराविरुद्ध जितका भक्कम पुरावा आहे, तितका मिश्रीविरुद्ध नाही. उगाच घाबरवायचे म्हणून आम्ही तसे लिहिणार नाही. पण तोंडाचा कर्करोग मिश्री-तंबाखूने होतो यात शंका उरलेली नाही. तेव्हा मिश्रीची डबी सुटली असे समजू नये.

यापुढची गोष्ट विडी न ओढणाऱ्या भगिनींसाठीही आहे. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात या आजाराने वर्षाला सुमारे ८० हजार स्त्रिया गेल्या. दिवसाला भागाकार केला तर दोनशेहून अधिक. आणि हा आजार असा, की वेळेत सापडला तर बाई घरी परत येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखावर पातळ केलेले व्हिनेगर लावायचे, मिनिटभर थांबायचे, आणि जागा पांढरी पडते का ते पाहायचे, एवढीच तपासणी. ती केली कोणी? दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे शिकवून तयार केलेल्या बायांनी! बारा वर्षांनी पाहिले, तर तपासणी झालेल्या वस्त्यांत या आजाराचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली हे निष्कर्ष अमेरिकेतल्या परिषदेत मांडले. आपल्यासारख्याच दहा बाय दहाच्या खोल्यांतून निघालेले हे ज्ञान आहे. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या शंभर स्त्रियांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

कारण उघड आहे. लाज वाटते, रजा टाकली की रोज बुडतो, आणि ‘दुखत तर काही नाही’. पण सुरुवातीला काहीच दुखत नाही, हीच तर या आजाराची लबाडी आहे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले, अंगावरून वास येणारे पाणी जाऊ लागले, तर तपासणीच्या शिबिराची वाट न पाहता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी चूल सांभाळावी. बायकोबरोबर गेल्यास उत्तमच. कर्करोगाच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची चौकशी रुग्णालयातच करता येते.

मुलींसाठी या विषाणूविरुद्ध लसही आहे. ९ ते १४ हे वय त्यासाठी उत्तम. पुण्याच्या सिरम संस्थेची देशी लस २०२३ पासून मिळू लागली. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी चुकवू नये.

विडी, सिगारेट, मिश्री सोडायची असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आपले नाव कोणाला कळत नाही. तपासणी मात्र एकटीने जाऊन टळत राहते, असा आमचा अनुभव आहे. मंडळाच्या तिशीपुढच्या आठ-दहा जणींनी मिळून एक वार ठरवावा, आशाताईंना आधी विचारून आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी तपासणी होते ते लिहून घ्यावे, आणि पाळीचे दिवस सोडून जावे.