पहिल्या वर्षाची गळती

जून-जुलै आला कीं गांवोगांवीं पेढे वाटले जातात. अमक्याचा मुलगा कॉलेजांत गेला, तमक्याची मुलगी शहरांत शिकावयास राहिली, म्हणून आईबाप धन्य होतात. पण दिवाळीनंतर त्यांतलीं कांहीं मुलें मुकाट्यानें घरीं परत येतात, त्यांची वार्ता कोणी घेत नाहीं. लोक म्हणतात, "झेपलें नाहीं." आम्ही विचारतों, कमी काय पडलें? बुद्धि, कीं विचारपूस?

आम्ही खेड्यांतील मराठी शाळेचे मास्तर. कॉलेजचा कारभार आमच्या अधिकाराबाहेरचा. परंतु आमच्याच हाताखालीं सातवी झालेली एका शेतकऱ्याची मुलगी शास्त्रशाखेच्या पहिल्या वर्षास गेली. घराण्यांत कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. पहिल्या सत्रांत तिचे दोन विषय राहिले. बापानें 'नापास' एवढाच शब्द ऐकला आणि स्थळें पाहण्यास आरंभ केला! ए.टी.के.टी.च्या नियमानें तिला पुढच्या सत्रांत बसतां येतें व राहिलेले विषय मागाहून काढतां येतात, हें त्या बापलेकींस कोणी सांगितलेंच नव्हतें. आम्ही बापाला घेऊन कॉलेजांत गेलों. कारकुनानें पांच मिनिटांत उलगडा केला. त्या पांच मिनिटांवांचून एका मुलीचें शिक्षण संपत होतें! तिचे पालक-प्राध्यापक कोण, असें विचारतां वहींत नांव निघालें, भेटींच्या तारखाही निघाल्या. मुलीनें मात्र त्या गृहस्थांचें तोंडही पाहिलें नव्हतें.

सरकारदरबारीं योजनांचा दुष्काळ नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें नव्या विद्यार्थ्यांसाठीं २०१९ सालीं 'दीक्षारंभ' आंखला. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी, हें 'नॅक'नेंही कॉलेजांस विचारलें. पण कागदावर प्रमाण जुळलें म्हणून मुलाला आधार मिळतो काय? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवावयाच्या, तासिकेवर राबणाऱ्या शिक्षकांवर वर्ग चालवावयाचे, आणि वर मुलांवर मायेनें लक्ष ठेवा म्हणावयाचें, ही सरकारची तऱ्हाही न्यायाची नव्हे.

ही गोष्ट आमच्या थोरांना पूर्वींच उमगली होती. १९०१ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलें व पुढें इतर जातींसाठींही वसतिगृहें उभीं केलीं. १९२४ सालीं भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास नाना जातींचीं मुलें एका छपराखालीं आणलीं. वर्गाचें दार उघडून भागत नाहीं, परक्या गांवांत "जेवलास कां? अभ्यास कोठें अडला?" असें विचारणारें माणूस लागतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दहावीपर्यंत मराठींत शिकलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यान उमजत नाहीं. शंका विचारली तर वर्ग हंसेल, म्हणून तो मागच्या बाकावर जातो; मग तास चुकवितो. कोणी खोलीच्या भाड्यासाठीं रात्रीं हॉटेलांत राबतो व सकाळीं वर्गांत पेंगतो. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका दाखल्यासाठीं अडतो. हीं चिन्हें पहिल्या दीड महिन्यांतच दिसतात. तेव्हां पाहावयाचें नाहीं आणि निकालानंतर हळहळावयाचें, म्हणजे बैल गेला नि झोपा केला!

प्राध्यापकहो, पहिल्या चाचणींत मागें पडलेल्या मुलांस नांवानें बोलवा आणि मराठींत विचारा. गांवचीं जीं मुलें आधीं शिकून गेलीं, त्यांनीं नव्यांस अर्ज, नियम व मुदती समजावून द्याव्या. त्यास पैसा लागत नाहीं. आणि आईबापांनो, 'नापास' हा शब्द ऐकतांच मुलाला कामावर किंवा मुलीला बोहल्यावर धाडूं नका. आधीं कॉलेजांत जाऊन विचारा. तेथें बोलण्याचा धीर होत नसेल, तर गांवच्या मास्तराला सोबत न्या. तो येईल.