कर्जाचा सल्ला घ्यायचा कुणाचा?

मार्च तोंडावर आला, की तालुक्याच्या बँकांसमोरच्या चहाच्या टपऱ्यांवर एक जमात दिसू लागते. काखेत फायलींची पिशवी, खिशाला दोन पेनं आणि बोलण्यात साहेबांची नावं. ‘‘काका, किती थकलंय? काळजी सोडा, निम्म्यात मिटवून देतो.’’ थकबाकीदाराला हे बोलणं गोडच लागतं. बँकेत साहेब मान वर करत नाही, सोसायटीत सचिव टाळतो, घरात सगळे गप्प. अशा वेळी जो खांद्यावर हात ठेवील तो देवमाणूस वाटतो आणि घात इथंच होतो.

कर्जातून वाट काढायला सल्ला लागतोच, त्यात कमीपणा काही नाही. पण बैल घेताना दात मोजणारा आपला शेतकरी सल्ला घेताना मात्र काहीच बघत नाही. पहिला प्रश्न एकच विचारावा: बाबा रे, तुझं पोट कशावर चालतं? माफी किंवा सवलत मिळाली की त्यात अमुक टक्के, असं जो सांगेल त्याला तुमच्या शेतीशी देणंघेणं नाही. तडजोड तुम्हाला झेपणारी आहे की नाही हे तो बघणार नाही. ती झाली, की त्याचा वाटा सुटला!

‘कर्जमुक्तीचा दाखला काढून देतो’ म्हणून फी उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. असा दाखला देण्याचा अधिकार या लोकांना नाही. कर्ज ज्या बँकेचं, बेबाकी दाखला त्याच बँकेचा. बाकी सगळे कागद चुलीत घालायच्या लायकीचे.

दुसरी खूण अधिक घातक. ‘‘हप्ता भरू नका, माफी येतेय,’’ असं छातीठोकपणे सांगणारा माणूस. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या माफ्या आपण पाहिल्या; प्रत्येकीत तारखेची अट होती, आणखीही अटी होत्या. कुणी बसलं, कुणी बाहेर राहिलं. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजात जी सवलत मिळते, ती मुदत टळली की जाते. हा हिशेब जो सांगत नाही, त्याला सल्लागार का म्हणावं? बँकेशी एकरकमी तडजोड झाली, तरी तीच बँक पुढच्या हंगामाला लगेच दारात उभी करील याची खात्री नसते. मग बी-बियाण्याला पैसा कुठला? सावकाराचा. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि सही. कोऱ्या स्टँपवर, कोऱ्या चेकवर सही मागणारा कितीही नात्यातला असो, उठून चालू लागावं. गहाण म्हणून सांगायचं आणि खरेदीखत करून घ्यायचं, हा खेळ आजचा नाही. १८७५ मध्ये पुणे-नगरकडच्या कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले, ते याच कागदांपायी. आज २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि सावकारीत बळकावलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ती परत देण्याचा आदेश चौकशीअंती जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे देता येते. टपरीवरचा एजंट हे कधी सांगेल का? अनेकदा तो सावकाराचाच माणूस असतो.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? अग्रणी बँकेचं वित्तीय साक्षरता केंद्र असतं, तिथं सल्ल्याला पैसे पडत नाहीत. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांचा आराखडा काढला, तेव्हा सल्लागार हा बँकेचा चालू नोकर नसावा, अशी अट घातली होती. विचार उत्तम होता. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडेही जाता येतं. लोकअदालतीत प्रकरण मिटवायचं असेल तर मात्र घरून हिशेब करून जावं, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. हप्ता कोणत्या पिकाच्या पैशातून येणार, हे घरातल्या बाईमाणसाला विचारूनच आकडा कबूल करावा. घरखर्चाचा खरा आकडा तिलाच ठाऊक असतो.

पण खरं दुखणं पुढंच आहे. हे केंद्र बहुधा जिल्ह्याच्या गावी, कचेरीच्या वेळेत. कर्जबाजारी माणसाने एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चं भाडं भरून तिथं जायचं, आणि एजंट मात्र पारावर येऊन बसतो! मेळावे होतात, पाहुण्यांचा सत्कार होतो, फोटो निघतात. शंभर माणसांत उभं राहून ‘माझं इतकं थकलंय’ असं कोण सांगणार? त्याला कोपऱ्यातलं टेबल हवं आणि ऐकणारा एक माणूस हवा. निवृत्त बँक अधिकारी प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यांना मानधन देऊन आठवड्याच्या बाजाराला ग्रामपंचायतीत बसवायला असा किती खर्च येईल? बँकांच्या कामाचा आढावा घेणारी जिल्हास्तरीय सल्लागार समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बसते. खरिपाचं कर्जवाटप सुरू होण्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि कोणत्या बाजाराला कोण बसणार याची यादी प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर लावावी.