पुन्हा न भेटणाऱ्याचा भाव

बाजारहाट : पिरनवाडीकर

मे महिन्याची सुट्टी संपली की बेळगावजवळच्या आमच्या पिरनवाडीत घरोघरी दोन गोष्टी पोचतात. दारच्या झाडाचे आंबे आणि परदेशातली चॉकलेटं. पूर्वी चॉकलेट यायचं ते आखातात नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून. आता उद्यमबागेत छोटं वर्कशॉप चालवणारा माणूसही बायकामुलांना घेऊन एकदा तरी बँकॉक नाहीतर दुबई बघून येतो. थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून जांबोटी-चोर्ल्याकडे जाणारा आमच्या नाक्यावरचा रस्ता काही घरांसाठी गोव्याच्या विमानतळाचा रस्ता झाला आहे.

चॉकलेटांच्या मागोमाग हकिगती येतात. परवा एका पाहुण्यांच्या घरी अशीच एक ऐकली, बँकॉकच्या चतुचक बाजारातली. "चारशे बाट म्हणाली ओ पर्सचे. मी सरळ दीडशे सांगितलो. नाही नाही करत शेवटी हो म्हणाली की! मग मीच नको म्हणून निघालो. दीडशेला देतेय म्हणजे शंभरचीच असणार." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात आलं, हा माणूस आपल्या गणपत गल्लीतल्या बाजारात असं करेल का?

नाही करणार. जीभ वळणार नाही त्याची. कारण आपल्याकडे भाव विचारणं आणि भाव करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव कुणीही विचारावा, चार ठिकाणी विचारावा, "एवढं कसं ओ?" म्हणून पुढे जावं. त्यात कुणाचा अपमान नाही. पण एकदा तुम्ही आपल्या तोंडाने आकडा बोललात आणि समोरची "घ्या" म्हणाली, की पिशवी उघडायची. तिथून निघून जाणाऱ्याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. जनावरांच्या बाजारात तर रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. तोंडातून शब्द नाही, कागद नाही, साक्षीदाराला आकडाही दिसत नाही. तरी दाबलेलं बोट हा शब्द असायचा आणि तो फिरवता येत नसे.

दुसरी रीत भवानीची. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने रेंगाळत भाव पाडायचा आणि न घेता जायचं, हे आपल्याकडे अशुभ. आपण भवानी म्हणतो, शेजारचे कानडी भाऊ बोणी म्हणतात, पण पहिली नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकण्याची पद्धत दोघांचीही. आता गंमत बघा. थायलंडमधली विक्रेती पहिल्या विक्रीची नोट हातात घेऊन दुकानातल्या बाकीच्या मालावर टपटप आपटते, म्हणजे तोही लवकर खपावा. व्हिएतनाममध्ये या पहिल्या विक्रीला स्वतंत्र नावच आहे, आणि सकाळी सकाळी घासाघीस करून रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक तिथेही दिवस बिघडवतं. पर्सवाली आपल्याला परकी वाटली, पण तिची भवानी आणि आपली भवानी एकच होती.

मग आपली माणसं हे सगळं नाक्यावरच का सोडून जातात? माझं उत्तर साधं आहे. गणपत गल्लीतली भाजीवाली आपल्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणार असते. आज तिला फसवलं तर उद्या ती टोपलीच्या तळातली मेथी देईल. आज दोन रुपये सोडले तर उद्या चार मिरच्या वर घालेल. आपल्या घासाघिशीला लगाम असतो तो या पुढच्या भेटीचा. बँकॉकची पर्सवाली पुन्हा भेटणार नाही, हे विमानात बसतानाच ठरलेलं असतं. पुढची भेट गेली की लगामही गेला. म्हणून परदेशातला बाजार ही आपल्या रीतीभातीची खरी परीक्षा, आणि ती आपण वरच्यावर नापास होतो.

टिपेचं तसंच. आपल्याकडे आपण टिप देतो ती बहुधा उद्यासाठी. सिलिंडर आणणाऱ्याला वीस रुपये दिले तर पुढच्या वेळी तो जिना चढेल. रोजच्या हॉटेलात बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवली तर उद्या सांबार गरम येईल. दिवाळीला देतो ती पोस्तही वर्षभराच्या ओळखीची. परदेशातल्या वेटरकडे उद्या नाही. त्याने जे केलं ते करून झालेलं आहे, आणि आपण रात्रीच्या विमानाने परत येणार आहोत. इथे दिलेले पैसेच खरे टिपेचे, बाकी सगळा आगाऊ भरणा.

शब्दांनीही आपली थोडी फजिती केली आहे. फारसीतला बक्षिश हा शब्द तुर्कस्तानापासून इजिप्तपर्यंत आजही टिप याच अर्थाने चालतो. मराठीत आला आणि त्याचं बक्षीस झालं, म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळतं ते. साहजिकच आपल्याला वाटतं, काहीतरी विशेष पराक्रम केला तरच ते द्यायचं. दुसरा शब्द चहापाणी. जर्मन आणि फ्रेंच भाषांत टिपेच्या शब्दाचा अर्थच पेयाचे पैसे असा आहे, रशियनमध्ये चहाचे पैसे. आपल्याकडे मात्र चहापाणी म्हटलं की टेबलाखालचा हात दिसतो. देणं हे एकतर बक्षीस नाहीतर लाच, मधलं काहीच नाही, अशी आपली अडचण झाली आहे.

हे मधलं देशोदेशी निराळं असतं. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची केंद्रीय किमान मजुरी तासाला 2.13 डॉलर आहे आणि ती 1991 पासून बदललेली नाही. इतरांची किमान मजुरी 7.25 डॉलर. काही राज्यांनी स्वतःचे दर बरेच वाढवले आहेत, पण मूळ हिशेब असा की मधली तफावत गिऱ्हाइकाने भरायची. म्हणून तिथे पंधरा ते वीस टक्के ठेवणं हे औदार्य धरत नाहीत. वेटरच्या पगाराचा तो भाग मालकाने गिऱ्हाइकावर ढकललेला असतो. ही पद्धत अन्यायाची आहे असं माझंही मत आहे, पण तिचा निषेध त्या वेटरच्या खिशातून करू नये. एक सावधगिरी बाळगा. आपण जातो सहा-आठ जणांच्या घोळक्याने, आणि मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच धरायची तिथे बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.

फ्रान्समध्ये उलट. कायद्यानेच सेवेचे पैसे पदार्थाच्या किमतीत धरलेले असतात. वर चिल्लर ठेवली तर छान, नाही ठेवली तर कुणी रागावत नाही. जर्मनीत रक्कम वरच्या पूर्ण आकड्याला नेतात, आणि पैसे देतानाच तो आकडा सांगतात. यंत्रप्रदर्शनासाठी हॅनोव्हरला जाणारे आमच्या उद्यमबागेतले कारखानदार हे आता सराईतपणे करतात. ब्रिटनमध्ये बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क दिसतं, ते बहुधा ऐच्छिक असतं आणि नम्रपणे काढायला सांगता येतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथल्या कायद्याने टिप आणि सेवाशुल्काचे पैसे कामगारांनाच पोचवणं मालकांवर बंधनकारक झालं आहे, त्यामुळे सेवा चांगली असेल तर राहू द्या. जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वेटर ते घेऊन रस्त्यावर मागे धावत येईल. त्याला वाटतं, पाहुणा विसरला. तिथे कमरेत वाकून केलेला नमस्कार पुरतो.

आपल्या देशातलंही जाता जाता सांगतो. हॉटेलवाल्याने सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पण आपल्याकडे सेवाशुल्क काढायला लावणारा माणूस वेटरसाठी बशीत काय ठेवतो, तेही एकदा बघायला हवं.

आता घासाघिशीकडे परत येऊ, कारण आपला जीव तिच्यात जास्त. भाव कुठे करावा आणि कुठे करू नये? आपली एक पंचाईत एमआरपीने केली आहे. पाण्याच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, त्यामुळे त्यावर एक रुपया जास्त घेतला की चोरी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. जगातल्या बहुतेक देशांत अशी छापील कमाल किंमत नसते. तीच बाटली सुपरमार्केटात एका दराची, स्टेशनवर दुसऱ्या आणि देवळासमोर तिसऱ्या. महाग वाटली तर दुसरीकडे घ्या. पण दुकानदाराला लुटारू ठरवून भांडू नका.

दुबईतल्या देरा भागातल्या सोन्याच्या बाजाराचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे सोन्याचा ग्रॅमचा दर रोजचा ठरलेला आणि फलकावर लावलेला असतो. त्यावर हुज्जत घालणारा माणूस हास्यास्पद दिसतो. घासाघीस होते ती मजुरीवर, आणि तिथे ती अपेक्षितच असते. आपल्या आया सराफ कट्ट्यावर हेच करायच्या. भाव निमूट ऐकायचा आणि घडणावळीवर अर्धा तास बसायचं. जिथे आकडा माणसाने ठरवलेला आहे तिथे माणसाशी बोलावं, जिथे तो बाजाराने ठरवलेला आहे तिथे गप्प बसावं. याहून मोठा नियम मला माहीत नाही.

"परदेशी बघून जास्त सांगतात" ही दुसरी तक्रार. सांगतात, खरं आहे. बँकॉकच्या राजवाड्याला परदेशी माणसाला पाचशे बाटचं तिकीट आहे आणि थाई लोकांना प्रवेश फुकट. पण ताजमहालाच्या दारात भारतीयाला पन्नास आणि परदेश्याला अकराशे रुपये पडतात, तेव्हा आपल्याला काही खटकत नाही. आणि दूर कशाला, लग्नाचा बस्ता बांधायला गोव्याचे पाहुणे खडेबाजारात उतरले की आपले काही दुकानदार कोकणी सूर ऐकून आकडा वर सरकवतात, हे बेळगावात कुणाला ठाऊक नाही? पाहुण्याने थोडं जास्त द्यावं ही जगभरची समजूत आहे. तिला हसत हसत उत्तर द्यावं, चिडून देऊ नये.

हसत उत्तर देण्याची कला तर आपल्या सीमाभागाला जन्मजात आहे. एकाच फेरीत आपण एकीला "कमी करा की ओ" म्हणतो, दुसरीला "कम्मी माड्री" आणि तिसऱ्याला "कम करो भाई". समोरच्याच्या भाषेत मागितलं की दोन रुपये उतरतात आणि ओळखही होते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मग बँकॉकमध्ये "लोत दाय माय?" आणि बालीत "बिसा कुरांग?" एवढं पाठ करायला काय हरकत आहे? दोन्हींचा अर्थ तोच, थोडं कमी होईल का. गणकयंत्रावर आकडा खोडून समोर आपटण्यापेक्षा हे दोन शब्द स्वस्तात काम करतात.

आणि कितीवर अडून बसायचं याचाही हिशेब ठेवा. बालीत दहा हजार रुपिया ऐकून छातीत धस्स होतं, पण ते आपले साधारण पन्नास रुपये. पन्नास रुपयांसाठी वीस मिनिटं उन्हात भांडणारा माणूस हॉटेलात परतताना टॅक्सीला पाचशे देतो. बरं, ते भांडण पर्यटनाच्या धंद्यातल्या सर्वांत गरीब माणसाशी. विमान कंपनीशी, हॉटेलशी, टूरवाल्याशी आपण घासाघीस करत नाही. तिथे छापील कागदावर सही करून मोकळे होतो. टूर घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, वाहनचालक आणि मार्गदर्शकाची टिप पैशात धरली आहे का? नसेल तर किती, ते आधी ठरवून घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी बसमध्ये टोपी फिरताना खिडकीबाहेर बघावं लागत नाही. उरलेला चिवडा आणि लाडू वाहनचालकाला द्यायला हरकत नाही, आवडीने खातात. पण ते टिपेवर वर द्यायचे, टिपेऐवजी नव्हे.

तर या दिवाळीच्या सुट्टीत जे निघणार आहेत त्यांना एवढंच सांगणं. नाक्यावरून गाडी वळताना आपल्या बाजाराची रीत घरी ठेवू नका. घ्यायचं असेल तरच भाव करा, हो म्हणाली तर घ्या. तिथल्या चलनातल्या छोट्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. परक्या देशाची नाणी, फाटकी नोट किंवा आपली दहाची नोट ही कुणाच्या उपयोगाची नाही. आणि शेवटच्या सकाळी हॉटेलची खोली सोडताना, जिथे टिपेची पद्धत आहे तिथे, आठवडाभर आपली चादर बदलणाऱ्या बाईसाठी उशाशी काही ठेवून या. ती तुम्हाला बहुधा दिसलेलीही नसेल, आणि पुन्हा भेटणार तर नाहीच.