बिऱ्हाड पाहावे हलवून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आजच्या काळात तिला ‘आणि बिऱ्हाड पाहावे हलवून’ अशी पुस्ती जोडावयास हरकत नाही. त्यातही ते बिऱ्हाड बिदर-कलबुर्गीहून उचलून इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत न्यावयाचे असेल, तर घर बांधणे आणि लग्न करणे या दोन्ही गोष्टी सोप्या वाटू लागतात.

एका बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे की, परदेशी निघालेली कुटुंबे मुलांच्या लसीकरणाचे दाखले घेण्यासाठी शेवटच्या पंधरवड्यात आमच्याकडे येतात. त्यांत भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतून शिकून डॉक्टर झालेली आपलीच मुले-सुना बऱ्याच असतात. दाखल्याचे काम आटोपले की सामानाचा विषय निघतो आणि प्रश्न बहुधा एकच असतो, “डॉक्टरसाहेब, सर्वांत स्वस्त कोण नेतो?” माझे स्पष्ट मत असे आहे की, हा प्रश्न विचारण्याचा क्रमच चुकतो. ‘स्वस्त कोण’ याच्या आधी ‘पलीकडे उतरवून घेणार कोण’ हे विचारले पाहिजे.

सामानाचा प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहावा. बिदरच्या घरातून निघालेले सामान ट्रकने सुमारे १४० किलोमीटरवरील हैदराबादेस जाते. हैदराबादला समुद्र नाही. तेथील सनतनगरच्या कंटेनर आगारातून रेल्वेने, किंवा सरळ रस्त्याने, ते मुंबईजवळील न्हावा शेवा बंदरात पोहोचते. तेथे कस्टम्सचे काम करणारा दलाल वेगळा, जहाज कंपनी वेगळी, पलीकडच्या बंदरातील एजंट वेगळा, त्या देशाचे कस्टम्स वेगळे आणि अखेरीस घरापर्यंत सामान आणणारा ट्रकवाला तर आणखीच वेगळा. आपल्या दिवाणखान्यात चहा घेता घेता ज्याने दर सांगितला, त्याचा हात या साखळीच्या पहिल्या दोन-तीन कड्यांपलीकडे पुष्कळदा पोहोचतच नाही. कंपनी निवडणे म्हणजे या साऱ्या साखळीची जबाबदारी लेखी स्वीकारणारा माणूस शोधणे होय.

आपण वैद्यकीय व्यवसायातील मंडळी ही गोष्ट चटकन समजू शकतो. श्वास लागलेले नवजात अर्भक औरादहून हैदराबादेस किंवा आळंदहून सोलापुरास पाठविताना आपण प्रथम रुग्णवाहिकेचे भाडे विचारीत नाही. पलीकडे खाट राखून ठेवली आहे काय, बाळाला ताब्यात घेणारे डॉक्टर कोण, वाटेत प्राणवायूकडे लक्ष कोण देणार आणि सोबत सविस्तर चिठ्ठी आहे काय, हे आपण आधी पाहतो. नवल याचे वाटते की, रुग्णाच्या बाबतीत इतके दक्ष असणारे आपण स्वतःचा संसार मात्र केवळ दूरध्वनीवर ऐकलेल्या आकड्यावर विसंबून पाठवितो.

याचे परिणाम काय होतात, याचे एक उदाहरण आपल्याच भागातील एका तरुण डॉक्टर दांपत्याचे आहे. इंग्लंडला नोकरी लागली, तीन ठिकाणांहून दर मागविले आणि सर्वांत कमी दर स्वीकारला. दरपत्रकात ‘बंदरापर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरांत होता. जहाज पोहोचल्यावर एका अपरिचित एजंटाचे पत्र आले. त्यात बंदरातील हाताळणी, कागदपत्रे, कंटेनर रिकामा करणे आणि घरपोच वाहतूक या सर्वांचे पैसे निराळे मागितले होते. ही रक्कम मूळ तीन दरांमधील फरकाहून कितीतरी अधिक भरली. वाद मिटेपर्यंत गोदामाचे भाडे दिवसागणिक चढत राहिले. बाळाचा पाळणा घरी पोहोचला तेव्हा बाळ धरून उभे राहू लागले होते! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच.

म्हणून दर मागविताना पहिली गोष्ट अशी की, दर ‘दारापासून दारापर्यंत’ असावा आणि त्यात पलीकडच्या बंदराचा खर्च धरला आहे की नाही, हे लेखी असावे. ज्या कंपनीचा माणूस प्रत्यक्ष येऊन किंवा निदान व्हिडिओवर घर पाहिल्याशिवाय दर सांगतो, त्याचा दर हा दर नसून अंदाज असतो. समुद्रमार्गे पैसे वजनावर नव्हे, तर मुख्यतः आकारमानावर म्हणजे घनमीटरवर आकारतात. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. एवढे सामान नसेल तर इतरांच्या मालाबरोबर सामायिक कंटेनरमधून पाठविता येते. ते स्वस्त पडते, परंतु कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते. विमानाने पाठविताना एक घनमीटर म्हणजे सुमारे १६७ किलो असे धरून आकारणी होते. त्यामुळे गादी-उश्या विमानाने पाठविणे म्हणजे हवेचे भाडे भरणे होय.

दुसरी गोष्ट, पलीकडील एजंटाचे नाव व पत्ता आधीच मागून घ्यावा आणि त्याला आपण स्वतः एक पत्र पाठवून पाहावे. उत्तर येते की नाही, यावरूनच पुष्कळ समजते. या व्यवसायात ‘फिडी’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९५० पासून कार्यरत असून तिचे मुख्यालय ब्रुसेल्स येथे आहे. तिच्या ‘फेम’ या दर्जामानकासाठी सभासद कंपन्यांची ठरावीक काळाने स्वतंत्र तपासणी होते. दवाखान्यांच्या मानांकनासारखाच हा प्रकार समजावा. मानांकन असले म्हणजे चूक होणारच नाही असे नव्हे. पण चूक झाल्यास दाद मागावयास एक दार असते. मात्र पत्रकावरील बोधचिन्हावर विश्वास न ठेवता संघटनेच्या यादीत कंपनीचे नाव स्वतः पाहावे. प्रसिद्ध कंपन्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे लावून धंदा करणारे आपल्या बाजारात कमी नाहीत. सर्व रक्कम आगाऊ व रोख मागणारा, आणि पक्के बिल देण्यास का-कू करणारा, या दोघांनाही दारातूनच नमस्कार करावा.

तिसरी गोष्ट विम्याची. ‘विमा आहे’ एवढे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक, आणि विमा सर्व जोखमींचा आहे की केवळ संपूर्ण नाश झाल्यास मिळणारा आहे, हे पाहावे. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतील फुटतूट बहुधा विम्यात धरली जात नाही. काचेची भांडी कंपनीच्या माणसांकडूनच बांधून घ्यावीत. समुद्राचे धोके कादंबरीतले नाहीत. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. त्यानंतर जहाजाच्या मालकांनी ‘जनरल अॅव्हरेज’ जाहीर केले. या जुन्या सागरी नियमानुसार जहाज वाचविण्याचा खर्च त्यावरील सर्व मालधन्यांवर वाटला जातो; स्वतःच्या मालाला ओरखडाही न आलेल्यांवरसुद्धा! विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. नसेल तर स्वतः पैसे भरल्याशिवाय माल हाती पडत नाही. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे सुमारे ६४० कंटेनर घेऊन निघालेले जहाज आपल्याच केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी आफ्रिकेला वळसा घातला आणि युरोपचा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. तेव्हा ‘अमुक तारखेला पोहोचेल’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा ‘उशीर झाल्यास काय’ हे सांगणारा अधिक भरवशाचा.

प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत आणि जाणत्या कंपनीची परीक्षा येथेच होते. इंग्लंडमध्ये घरगुती वापराचे सामान करमुक्त आणावयाचे तर निवासस्थान बदलाच्या सवलतीसाठी तेथील करखात्याकडे अर्ज करून सामान पोहोचण्यापूर्वीच मंजुरी घ्यावी लागते. सामान किमान सहा महिने आपल्या मालकीचे व वापरातले असावे लागते. अमेरिकेत परदेशात किमान वर्षभर वापरलेल्या घरसामानास जकातीतून सूट मिळते, पण वीजपुरवठा निम्म्या दाबाचा असल्याने आपला मिक्सर तेथे निरुपयोगी ठरतो. ऑस्ट्रेलिया धान्य व बियाणे यांबाबत अत्यंत कडक आहे. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्याला अभिमान असला, तरी तिची पिशवी खोक्यात कोंबली तर सारे खोके अडकते. संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबियात खसखस निषिद्ध आहे. अनारशांवरची चिमूटभर खसखस तेथे अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते, हे किती गृहिणींना ठाऊक असेल? अमिरातीत कोडीन व ट्रामाडॉल असलेल्या औषधांवरही नियंत्रण आहे. डॉक्टरांच्या घरातील नमुन्यांच्या खोक्यांनी विशेष सावध असावे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. येथील जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातील बिदरी हुक्के, सुरया, पानदान, देवघरातील मूर्ती आणि मोडी लिपीतील कागदांची दप्तरे असतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते व दस्तऐवज खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. नव्या बिदरी वस्तू खुशाल न्याव्यात. पण वस्तू जुनी दिसत असेल तर ती पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे. आणि खरोखरीच जुनी असेल तर ती येथेच राहू द्यावी. मोडी कागदांची छायाचित्रे नेता येतात. सीमाभागातील मराठी कुळांचा इतिहास परदेशातील एखाद्या तळघरात कुजण्यापेक्षा येथे जपला गेलेला बरा.

आता माझ्या विषयाकडे येतो. काही गोष्टी कोणत्याही कंपनीच्या, मग ती कितीही नामांकित असो, स्वाधीन करू नयेत. पदव्यांची व नोंदणीची मूळ प्रमाणपत्रे, मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाच्या नोंदी हातातील पिशवीतच असाव्यात. आपल्याकडील सरकारी ‘तायी कार्ड’ कन्नडमध्ये असते. त्यावरून इंग्रजीत तारीखवार दाखला करून, सही-शिक्क्यानिशी न्यावा. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते. गालगुंड व कांजिण्यांची मिळत नाही. अमेरिकेतील शाळा मात्र या दोन्हींची नोंद मागतात. तेव्हा निघण्याच्या दोन-तीन महिने आधी बालरोगतज्ज्ञांना भेटावे; शेवटच्या आठवड्यात दोन मात्रांमधील अंतर राखता येत नाही. दम्याचे पंप, अपस्माराची औषधे आणि औषधचिठ्ठी किमान पहिल्या महिन्याला पुरेल एवढी सोबत असावी. सुरमा-काजळ मात्र घरीच ठेवावे. त्यांत शिसे असू शकते आणि अमेरिकेत त्यांस बंदी आहे.

आणखी एक. सामान समुद्रावर असते ते दोन-अडीच महिने मूल अनोळखी, रिकाम्या घरात काढते. वडील नोकरीत गुंतलेले, आई एकटी, बोलावयास आजी नाही. अशा वेळी मुलाची रोजची गोधडी, एखादे फाटके खेळणे आणि दोन-चार मराठी गोष्टींची पुस्तके यांचे मोल कंटेनरभर फर्निचरहून अधिक असते. ही पिशवी आधी भरावी. सोफा न्यावा की नाही, हे नंतर ठरवावे. बहुतेक वेळा तो न नेणेच शहाणपणाचे ठरते. घनमीटर कमी झाले की दर कमी होतो, आणि मग चांगली कंपनीही परवडते.

शेवटी आपल्या संस्थेस एक नम्र सूचना. दरवर्षी आपल्यातील काही कुटुंबे जातात, काही परतही येतात. प्रत्येक जण तीच ठेच नव्याने खातो, कारण आधीच्याचा अनुभव कोठे लिहून ठेवलेला नसतो. संस्थेने एक नोंदवही ठेवावी. कोणी कोठून कोठे सामान नेले, दरपत्रक काय होते, प्रत्यक्ष खर्च किती झाला, किती दिवस लागले, पलीकडचा एजंट कोण व कसा होता आणि नुकसानभरपाई मिळाली की नाही, एवढे सहा रकाने पुरेत. शिफारस करू नये, जाहिरात घेऊ नये. केवळ नोंद ठेवावी. रुग्णाचा कागद नीट लिहिणे हा आपल्या व्यवसायाचा संस्कारच आहे. तो येथे उपयोगी पडला, तर पुढच्या वर्षी निघणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे चार पैसे आणि पुष्कळ मनस्ताप वाचेल. या वर्षी जाणाऱ्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा, आणि परतून या नोंदवहीत पहिली नोंद करण्याचे आग्रहाचे निमंत्रण.