कालपर्यंत चालत होतं!

घड्याळजीच्या दुकानात, डॉक्टरांच्या दवाखान्यात आणि पंप दुरुस्त करणाऱ्यापुढे हे वाक्य रोज ऐकू येते. संगणकवाल्यांतही तेच चालते, हे मला २०२३ च्या मे महिन्यात मोर्शीत कळले.

माझा भाचा पुण्याच्या एका कंपनीचे काम आमच्या माडीवर बसून करीत होता. सोमवारी गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती द्यायची, आणि रविवारी ‘बिल्ड’ कोसळले. शेवटचा बदल त्याचा, म्हणून दोषही त्याचाच, असे वरिष्ठांनी ठरवून टाकले. बिचारा धडधाकट कोडमध्ये फेरफार करीत सुटला. ‘‘काऊन रे, जेवत नाहीस?’’ बहिणीने दोनदा विचारले.

डॉकर २०१३ साली आले. प्रोग्रॅमला लागणारे सारे सामान एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरायचे. डबा मोर्शीत उघडा की मुंबईत, आत तेच. डबा भरण्याची कृती लिहिलेली असते, आणि पाइपलाइन म्हणजे ती वाचून डबा भरणारा, तपासणारा आचारी.

डबा घरच्या संगणकावर भरत होता, कंपनीच्या सर्व्हरवर नाही. पडदाभर लाल अक्षरे. भाचा शेवटचीच ओळ पुन्हा पुन्हा वाचीत होता. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात, त्यामुळे पोथ्यांतले पाठभेद पाहताना पाठ प्रथम कुठे बिघडला ते शोधण्याची मला खोड. ‘‘पहिली तक्रार कोणती?’’ मी विचारले. वर सरकत गेलो तो ‘४०४’ : मागितलेली वस्तू या पत्त्यावर नाही.

कृतीची पहिलीच ओळ : पाया डेबियन ९. ही २०१७ ची आवृत्ती. टोपणनाव ‘स्ट्रेच’, ‘टॉय स्टोरी ३’ मधल्या ऑक्टोपसचे! (विद्वानांनाही बारसे करायची हौस असते.) तिची देखभाल जून २०२२ अखेर संपली, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिचे सामान नेहमीच्या कोठारातून दप्तरखान्यात गेले. दुकान हलले, चिठ्ठी मात्र जुन्याच पत्त्यावर! घरी हे दिसले नाही, कारण न बदललेल्या पायऱ्या डॉकर पुन्हा करीत नाही, साठवलेले थरच वापरतो. महिन्यापूर्वीच्या वाटणावर घरची भाजी चालली होती. सर्व्हर सारे नव्याने वाटायला बसला. साठवण बाजूला ठेवून बिल्ड केले, तर घरीही तेच ‘४०४’. भाच्याच्या बदलाचा काडीचाही संबंध नव्हता.

त्याने पत्ता दप्तरखान्याचा केला आणि सोमवार निभावला. मला ते पुरेसे वाटेना. दप्तरखान्यातल्या मालाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. ‘‘मामा, पाया बदलायला आठवडा जाईल,’’ तो म्हणाला. गेलाच, डेबियन ११ वर दोन लायब्रऱ्या अडून बसल्या होत्या.